शब्द कुणाचा, घाव कुणावर?

(वार्षिक अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)

काल आपण पोटगी, रेशन आणि पाणी या विषयांवर बोललो. आज फुटबॉल. कुणाला वाटेल, पुरुषांचा खेळ, पुरुषांची मैदानं, त्यांच्या भांडणात आपण कशाला डोकं घालायचं? पण मैदान आपोआप पुरुषांचं झालेलं नाही. 1920 च्या डिसेंबरात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर स्त्रियांचा फुटबॉल सामना पाहायला 53 हजार माणसं लोटली होती. पुढच्याच वर्षी, 5 डिसेंबर 1921 रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने ठराव केला की हा खेळ बायकांना योग्य नाही, आणि सभासद क्लबांच्या मैदानांवर स्त्रियांच्या सामन्यांना बंदी घातली. ही बंदी पन्नास वर्षं टिकली. म्हणजे मैदान ठराव करून पुरुषी केलेलं आहे. तिथे मुलगे जी भाषा शिकतात ती मैदानावरच ठेवून येत नाहीत. ती घरी येते, रस्त्यावर येते, कॉलेजच्या फाटकापाशी उभी राहते.

आजचा आपला प्रश्न भाषेचाच आहे. ज्या शब्दाने आपल्याला हिणवलं, तोच शब्द आपण उचलून झेंड्यासारखा मिरवावा का? मिरवला तर त्याचं विष उतरतं का? आणि ज्यांना तो शब्द कधी लागलाच नाही, त्यांनी तो मिरवला तर? या प्रश्नावर इंग्लंडमधल्या एका क्लबचे पाठीराखे कित्येक वर्षं आपसात वाद घालत आले आहेत. मी 2012 ते 2014 अशी दोन वर्षं नोकरीनिमित्त उत्तर लंडनमध्ये राहत होते. त्या काळात हा वाद ऐन रंगात होता. बसमध्ये, कचेरीत जेवणाच्या सुट्टीत, जिन्यात, सगळीकडे तो मी ऐकला.

क्लबचं नाव टॉटनहॅम हॉट्स्पर. स्थापना 1882 सालची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून लंडनच्या ईस्ट एन्डमधून, म्हणजे पूर्व युरोपातून पळून आलेल्या गरीब ज्यूंच्या वस्त्यांतून, पुष्कळ माणसं या क्लबचे सामने पाहायला जाऊ लागली. टॉटनहॅम म्हणजे ज्यूंचा क्लब, असं नाव पडलं. खरं तर शेजारच्या आर्सेनल क्लबलाही ज्यू पाठीराखे भरपूर होते, आजही आहेत. पण एकदा पडलेलं नाव सहसा पुसलं जात नाही, हे आपल्याला गावोगावच्या आडनावांवरून ठाऊक आहे.

‘यिड’ हा शब्द ज्यूंच्याच यिडिश भाषेतला. त्यांच्या तोंडी त्याचा अर्थ साधा, ‘ज्यू माणूस’. इंग्रजी तोंडात गेल्यावर त्याची शिवी झाली. 1930 च्या दशकात ऑस्वाल्ड मोस्लेचे काळ्या शर्टातले फॅसिस्ट ईस्ट एन्डच्या रस्त्यांवर तोच शब्द ओरडत फिरायचे. 4 ऑक्टोबर 1936 रोजी केबल स्ट्रीटवर ज्यू, आयरिश गोदी कामगार आणि कम्युनिस्टांनी मिळून त्यांचा मोर्चा अडवला. त्यात बायका मोठ्या संख्येने होत्या. वरच्या खिडक्यांतून त्यांनी पोलिसांवर हाताला लागेल ते फेकलं. त्याच्या आदल्या वर्षी, 4 डिसेंबर 1935 रोजी, टॉटनहॅमच्याच मैदानावर इंग्लंड आणि जर्मनीचा सामना झाला होता, आणि नाझींचं स्वस्तिक असलेला झेंडा त्या मैदानावर फडकवला गेला होता. ज्या मैदानाला लोक ज्यूंचं म्हणत, त्याच मैदानावर!

युद्ध संपलं, साठ लाख ज्यूंची कत्तल जगाला कळली. तरी शिवी संपली नाही. पुढच्या दशकांत प्रतिस्पर्धी क्लबांचे पाठीराखे टॉटनहॅमवाल्यांना ‘यिड’ म्हणून चिडवायचे, तोंडाने फुस्स असा विषारी वायूचा आवाज काढायचे. गॅस चेंबरचा आवाज, मैत्रिणींनो, खेळाच्या मैदानावर, करमणूक म्हणून. तेव्हा टॉटनहॅमच्या पाठीराख्यांनी एक गोष्ट केली. त्यांनी तो शब्द अंगावर घेतला. होय, आम्ही यिड, आम्ही यिडची फौज! ज्यू असलेल्या आणि नसलेल्या हजारोंनी एका सुरात म्हटलं. मारणाऱ्याच्या हातातली काठी काढून घ्यावी, तसा हा प्रकार होता. त्यात धाडस होतं, आपल्यातल्या काही जणांवर येणारा वार सगळ्यांनी मिळून झेलण्याचा मोठेपणाही होता. ही बाजू मी हलकी लेखत नाही.

आता दुसरी बाजू. या फौजेतले बहुसंख्य लोक ज्यू नाहीत. डेव्हिड बॅडिएल हा ज्यू लेखक आणि विनोदकार, स्वतः चेल्सी क्लबचा पाठीराखा. त्याने आणि त्याच्या भावाने 2011 साली या शब्दावर एक छोटा चित्रपट काढला. त्याचं म्हणणं साधं होतं. शिवी परत मिळवायचा हक्क ज्याला ती बसली त्याचा. ज्यू नसलेल्या माणसाने ‘मी यिड’ म्हटलं तर त्याला काय लागतं? सामना संपला की तो मफलर घडी करून ठेवतो आणि पुन्हा पहिल्यासारखा होतो. ज्यू माणसाला मफलरसारखी आपली जात उतरवून ठेवता येत नाही. शिवाय टॉटनहॅमवाले तो शब्द गातात म्हणून समोरच्यांना तो उलट फेकायला निमित्त मिळतं. तुम्हीच म्हणता ना, मग आम्ही म्हटलं तर काय बिघडलं!

सप्टेंबर 2013 मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने जाहीर केलं की हा शब्द वापरणं गुन्हा ठरू शकतो. तेव्हाचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून म्हणाले, स्वतःला यिड म्हणणं वेगळं आणि दुसऱ्याला हिणवायला म्हणणं वेगळं. पोलिसांनी टॉटनहॅमच्या तीन पाठीराख्यांना पकडलं, त्यांच्यावर आरोप ठेवले, आणि मार्च 2014 मध्ये सरकारी वकिलांनी ते आरोप मागे घेतले. मैदानात हजारो लोक गात होते की आम्हाला हवं ते आम्ही गाऊ. म्हणजे गंमत बघा, गॅसचा आवाज काढणारे बाजूला राहिले आणि पोलिसांच्या हाती लागले ते शब्द अंगावर घेणारे. कायद्याला शब्द दिसतो, शब्दामागची सत्ता दिसत नाही. आपल्या मोर्च्यांतल्या घोषणांवरून आपल्याला कोर्टात उभं केलं जातं आणि ज्याच्याविरुद्ध घोषणा होती तो घरी असतो, हे आपण पाहिलेलं आहे.

माझ्या इमारतीत तळमजल्यावर एक वृद्ध ज्यू बाई राहायच्या. पंचाऐंशीच्या पुढच्या. ईस्ट एन्डमध्ये वाढलेल्या, शिवणकाम करून मुलांना शिकवलेल्या. त्यांचा नातू टॉटनहॅमचा कट्टर पाठीराखा. सामन्याच्या दिवशी तो मित्रांबरोबर गात गात रस्त्याने जायचा. बाई तेवढा वेळ रस्त्याकडची खिडकी लावून घ्यायच्या. मी एकदा विचारलं. त्यांचं उत्तर असं होतं की नातवाच्या तोंडून तो शब्द त्यांना टोचत नाही, त्याने तो कमावला आहे, त्याच्या आजोबांनी त्या शब्दापायी मार खाल्ला आहे. पण त्याच्या मागून चाललेल्या दहा जणांना तो शब्द कुणी दिला? आणि मला विचारून दिला का? नातवाचं म्हणणं होतं की तेच दहा जण शाळेत त्याच्या बाजूने उभे राहिले. त्यांना आता ‘तुम्ही गाऊ नका’ म्हणणं म्हणजे कृतघ्नपणा. मला दोघांचंही म्हणणं पटत होतं, आणि पटत असताना हेही दिसत होतं की खिडकी मात्र आजीच लावून घेते आहे. नातू रस्त्यावर मोकळा आहे. शब्दाची सोय एकाला आणि किंमत दुसरीला, ही वाटणी आपल्या ओळखीची आहे की नाही?

आता एका खेळाडूकडे वळू, कारण हा सगळा वाद त्याच्यापाशी येऊन उघडा पडतो. त्याचं नाव सोल कॅम्पबेल. जमैकाहून आलेल्या कृष्णवर्णीय आईवडिलांचा मुलगा, बारा भावंडांत सर्वात धाकटा. लहानपणापासून टॉटनहॅममध्ये तयार झाला, 1992 साली पहिल्या संघात आला, बचावफळीत खेळायचा. बचावपटू म्हणजे गोलरक्षकाच्या पुढे उभं राहून समोरच्याचा हल्ला थोपवणारा. त्याच्या कामाचं यश म्हणजे काही न घडणं. गोल झाला तर दोष त्याचा, नाही झाला तर कौतुक दुसऱ्याचं. घर सांभाळणाऱ्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको! कॅम्पबेल उंच, दणकट, तरीही वेगवान होता. हवेतला चेंडू त्याच्या डोक्यावरून जाणं कठीण. तो टॉटनहॅमचा कर्णधार झाला, 1999 साली त्याच्या नेतृत्वाखाली क्लबने लीग कप जिंकला.

2001 साली त्याचा करार संपला आणि तो गेला आर्सेनलकडे, म्हणजे शेजारच्या हाडवैरी क्लबाकडे. करार संपलेल्या खेळाडूला जुन्या क्लबाला पैसे न देता जाता येतं, हा हक्क बोस्मन नावाच्या एका बेल्जियन खेळाडूने 1995 साली युरोपच्या न्यायालयात लढून सगळ्यांना मिळवून दिला. म्हणजे कॅम्पबेलने कायद्याने मिळालेला कामगाराचा हक्क वापरला. पाठीराख्यांची तक्रार मी ऐकलेली आहे. आपण राहणार, असं त्याने आधी बोलून दाखवलं होतं, आणि गेला तो नेमका शत्रूकडे, क्लबाला एक पौंडही न मिळता. राग येणं मी समजू शकते. पण त्या रागाने कोणती भाषा घेतली?

17 नोव्हेंबर 2001 रोजी तो आर्सेनलकडून टॉटनहॅमच्या मैदानावर परत आला. सामना 1-1 असा बरोबरीत सुटला. मैदानभर फलक होते, फुगे होते, आणि त्यांवर एकच शब्द, ‘ज्यूडास’. येशूला चांदीच्या तीस नाण्यांसाठी पकडून देणारा शिष्य. युरोपात शतकानुशतकं ज्यूंना ज्या नावाने लोभी आणि विश्वासघातकी म्हणून हिणवलं, ते हे नाव. जे पाठीराखे म्हणत होते की ज्यूद्वेषाची धार बोथट करायला आम्ही यिड झालो, त्यांनीच आपल्या सर्वात नावडत्या माणसासाठी ज्यूद्वेषाच्या पेटीतलं सर्वात जुनं हत्यार काढलं. आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. अंगावर घेतलेला शब्द मनापर्यंत पोचला नव्हता, याला यापेक्षा मोठा पुरावा कोणता?

पुढे आणखी वाईट झालं. 28 सप्टेंबर 2008 रोजी कॅम्पबेल पोर्ट्समथ क्लबकडून टॉटनहॅमविरुद्ध खेळत होता. त्या दिवशी टॉटनहॅमच्या काही पाठीराख्यांनी त्याच्यावर एक गाणं म्हटलं. ते मी इथे म्हणणार नाही. त्यात झाडाला लटकलेल्या काळ्या माणसाचं चित्र होतं, एड्सच्या विषाणूचा उल्लेख होता, समलिंगी असल्याची हेटाळणी होती, ज्यूडास होता, आणि शिवी म्हणून बाईचा अवयव होता. एका गाण्यात सगळ्यांना घेतलं. काळे, समलिंगी, आजारी, ज्यू, बाया. पोलिसांनी चित्रफितीवरून माणसं शोधली, 2009 साली काही जणांना न्यायालयाने दोषी ठरवलं आणि मैदानबंदी घातली. हे टॉटनहॅमचे सगळे पाठीराखे नव्हेत, अनेकांनी या गाण्याचा निषेधही केला. पण ते गाणारे आणि ‘आम्ही यिडची फौज’ म्हणणारे एकाच बाकावर बसलेले होते.

माझ्याबरोबर कामाला एक तरुणी होती. तिचे आजी-आजोबा वेस्ट इंडिजमधून आलेले. ती लहानपणापासून टॉटनहॅमची. ‘यिड’ची घोषणा ती ज्यू मैत्रिणीच्या खांद्याला खांदा लावून द्यायची, आनंदाने. पण कॅम्पबेलचं नाव निघालं की गप्प बसायची. जेवणाच्या सुट्टीत पुरुष सहकाऱ्यांचा हमखास वाद व्हायचा, क्लबचा सर्वात चांगला बचावपटू कोण? त्यांचं उत्तर ठरलेलं, लेडली किंग. आणि किंग होताच तसा. ईस्ट एन्डमधल्या बो वस्तीतला, हाही कृष्णवर्णीय. 1999 ते 2012 अख्खी कारकीर्द त्याने एकाच क्लबकडे घालवली. गुडघा असा निकामी की आठवडाभर संघाबरोबर सराव करता यायचा नाही, पोहून आणि व्यायामशाळेत कसरत करून शरीर टिकवायचा, आणि सामन्याच्या दिवशी उतरून समोरच्याच्या पायातला चेंडू जवळजवळ धक्का न देता काढून घ्यायचा. 2008 साली त्याच्या नेतृत्वाखाली टॉटनहॅमने चेल्सीला हरवून लीग कप जिंकला. इंग्लंडकडून मात्र तो 21 सामनेच खेळू शकला. कॅम्पबेल 73 सामने खेळला, लागोपाठ सहा मोठ्या स्पर्धांत देशाकडून उतरला. आर्सेनलकडून 2002 आणि 2004 साली त्याने लीग जिंकली. 2004 च्या हंगामात तर संघ 38 पैकी एकही सामना हरला नाही. 2006 च्या युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात बार्सिलोनाविरुद्ध आर्सेनलचा एकुलता एक गोल या बचावपटूने डोक्याने मारला.

आकड्यांनी पाहिलं तर वाद अटीतटीचा आहे. पण वाद आकड्यांचा नव्हताच. ती मुलगी म्हणायची, किंग चांगला यात शंकाच नाही, पण तुम्ही त्याला चांगला म्हणता ते त्याच्या पायासाठी की तो राहिला म्हणून? थांबलेला काळा माणूस आपला आणि गेलेला काळा माणूस झाडावर, असा हिशोब असेल तर थांबलेल्याचं कौतुकही मला नको. हे तिचं वाक्य मी विसरलेले नाही. सासरी नांदणारी ती गुणाची आणि निघून गेली ती बदफैली, हा न्याय आपल्याकडे रोज होतो. नांदणाऱ्या सुनेची स्तुती करणारे तिच्या गुणांवर प्रेम करतात की तिच्या नांदण्यावर, हे ती ज्या दिवशी उंबरा ओलांडते त्या दिवशी कळतं. शब्द तिच्यासाठी तयारच असतात.

पुढे काय झालं तेही सांगते. 2019 साली टॉटनहॅम क्लबने पाठीराख्यांची पाहणी केली. 23 हजारांहून अधिक लोकांनी उत्तरं दिली. त्यांतल्या 94 टक्क्यांनी मान्य केलं की ज्यू माणसाला उद्देशून वापरला तर हा शब्द वंशद्वेषी ठरू शकतो. जवळजवळ निम्म्यांना वाटत होतं की तो कमी व्हावा किंवा बंद व्हावा. 2020 साली ऑक्सफर्डच्या शब्दकोशाने ‘टॉटनहॅमचा पाठीराखा’ हा अर्थही नोंदवला, तर त्यावरून ओरड झाली. फेब्रुवारी 2022 मध्ये क्लबने पाठीराख्यांना आवाहन केलं की आता या शब्दाच्या पुढे जाऊ या. हुकूम काढला नाही, आवाहन केलं. मला ते शहाणपणाचं वाटतं. वरून बंदी आली की शब्दाला हौतात्म्य मिळतं. आपसात बोलून ठेवला तर तो निदान नीट खाली ठेवला जातो.

हे सगळं दूरदेशीचं, असं समजू नका. ज्यू आपल्याला परके नाहीत. कोकणात अलिबाग-पेण भागात बेने इस्रायली शतकानुशतकं मराठी बोलत राहिले. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून त्यांना गावाने ‘शनवार तेली’ म्हटलं. शेजाऱ्याच्या धर्माचं नाव माहीत नसलं की आपण त्याला जातीच्या उतरंडीत एक खण देऊन मोकळे होतो! आणि मैदानाचं म्हणाल, तर ऑक्टोबर 2007 मध्ये आपल्याच वानखेडे स्टेडियमवर काही प्रेक्षकांनी अँड्र्यू सायमंड्स या ऑस्ट्रेलियन खेळाडूकडे पाहून माकडचेष्टा केल्या. पुढे जानेवारी 2008 मध्ये सिडनीच्या कसोटीत हरभजनसिंगवर आरोप आला की त्याने सायमंड्सला माकड म्हटलं. बचाव काय झाला? तो तसं म्हणालाच नाही, आईवरून एक हिंदी शिवी दिली, ऐकणाऱ्याने चुकीचं ऐकलं. न्यायमूर्ती हॅन्सन यांच्यासमोर वंशद्वेषाचा आरोप सिद्ध झाला नाही, तीन कसोटींची बंदी रद्द झाली, अपशब्दाबद्दल अर्ध्या सामन्याच्या मानधनाचा दंड झाला. देशभर सुटकेचा निःश्वास! मी निकालाबद्दल बोलत नाही, पुरावा नसेल तर शिक्षा होऊ नये. मी त्या निःश्वासाबद्दल बोलते आहे. वंशावरून बोलला असता तर देशाची लाज, आईवरून बोलला तर नुसता रागाचा भर. ती आई कोण होती, तिला काय वाटलं असेल, हे कुठल्या संपादकीयात आलं का?

मग शब्द परत मिळवता येतातच का? येतात. पुरावा आपल्याच मातीत आहे. 1972 साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. ‘हरिजन’ हे वरून दिलेलं गोड नाव त्यांनी नाकारलं आणि ‘दलित’ म्हणजे दळलेला, तुडवलेला, हा शब्द छातीवर लावला. 1973 च्या जाहीरनाम्यात दलित या शब्दात त्यांनी भूमिहीन, कष्टकरी आणि स्त्रियांनाही घेतलं. तो शब्द एवढा ताकदवान झाला की 2018 साली केंद्राच्या माहिती-प्रसारण खात्याने वाहिन्यांना तो वापरू नका अशी सूचना केली. दुसरं उदाहरण सांगलीचं. 1996 साली धंद्यातल्या बायकांनी एकत्र येऊन संघटना काढली आणि तिचं नाव ठेवलं वेश्या अन्याय मुक्ती परिषद. सभ्य नाव त्यांना कुणीही दिलं असतं. त्यांनी स्वतःच्या कपाळावरचा शब्द घेतला आणि त्याच्या पुढे ‘अन्याय मुक्ती’ जोडलं. पोलिसांची मारहाण, निरोध, औषधं, मुलांची शाळा या मागण्यांसकट तो शब्द चालत आला.

याउलट 2011 साली कॅनडातल्या टोरांटोत तरुण स्त्रियांनी ‘स्लट वॉक’ काढला. एका पोलिसाने बायकांनी बदफैलीसारखे कपडे घालू नयेत असं म्हटलं, त्याचा निषेध म्हणून तीच शिवी मिरवली. राग रास्त होता. दिल्लीतही त्या जुलैत ‘बेशर्मी मोर्चा’ निघाला. पण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी त्याच वर्षी एक खुलं पत्र लिहिलं. त्याचा आशय असा होता की गुलामगिरीच्या काळापासून आमच्या शरीरावर हा शिक्का मारून बलात्कार झाले, आम्हाला तो गमतीने मिरवता येत नाही. गोऱ्या मुलीला शब्द काढून ठेवता येतो. इथे पुन्हा तोच मफलर.

आता आपल्या घरात येते. येत्या 8 मार्चच्या मोर्च्यासाठी आपल्या कॉलेजातल्या मैत्रिणींनी एक फलक रंगवला आहे. ‘होय, आम्ही बाजारबसव्या!’ संध्याकाळी उशिरा घरी येण्यावरून, कपड्यांवरून, नोकरीवरून जी शिवी ऐकावी लागते तीच तोंडावर मारायची, असा त्यांचा विचार. अक्षरं झकास काढली आहेत. पण मंडईत भाजी विकणाऱ्या आपल्या सभासद मैत्रिणींनी गेल्या बैठकीत सांगितलं की हा फलक असेल तर आम्ही मोर्च्यात चालणार नाही. त्यावर कुणीतरी म्हणालं की त्यांची जाणीव अजून तेवढी झालेली नाही. हे वाक्य मला सहन झालं नाही, म्हणून हा विषय मी मागून घेतला.

त्या शब्दाची व्युत्पत्ती काही का असेना, पहाटे चारला माल उचलून रात्री आठपर्यंत बाजारात बसणाऱ्या बाईला त्यात स्वतःचं बसणंच ऐकू येतं. गिऱ्हाईक भाव करताना ऐकवतं, वसुलीवाला ऐकवतो, नवरा दारू पिऊन ऐकवतो. कॉलेजातल्या मुलीला तो शब्द महिन्यातून एकदा लागतो आणि लागतो हे खरंच आहे, तिचं दुःख खोटं नाही. पण मोर्चा संपल्यावर ती फलक कार्यालयात ठेवून घरी जाईल. भाजीवाली दुसऱ्या दिवशी त्याच ओट्यावर बसेल, आणि कोपऱ्यावरचा पानवाला म्हणेल, काल तुम्हीच म्हणत होतात की! त्या वेळी तिच्या शेजारी आपल्यातली कोण उभी असणार आहे?

माझी भूमिका मी स्पष्ट सांगते, तुम्ही खुशाल खोडून काढा. शिवी ज्यांना सर्वात जास्त लागते त्यांनी ती उचलली तर बाकीच्यांनी मागे चालावं. त्यांनी नको म्हटलं तर फलक भिंतीला उलटा टेकवून ठेवावा. तो शब्द उचलण्याआधी आपल्या बोलण्यातून दुसऱ्यांच्या शिव्या गेल्या आहेत का हे तपासावं, कारण टॉटनहॅमची फौज तिथेच हरली. परवाच्या सभेत एका नगरसेवकाला आपण ‘बांगड्या भरा’ म्हणून घोषणा दिली, तेव्हा बांगडी कुणाची होती? आणि शब्द एकटा चालवू नये, मागणीच्या बोटाला धरून चालवावा. मंडईत साडेतीनशे बायका बसतात आणि त्यांच्यासाठी एकही धड स्वच्छतागृह नाही. दिवसभर पाणी न पिता बसावं लागतं, लघवीचे आजार होतात. ही मागणी फलकावर आली, तर तिच्या वर कुठला शब्द लिहायचा हे त्या बायका सांगतील. कदाचित तो हाच शब्द असेल. मग तो लिहिणारा हात त्यांचा असेल आणि रंगाचा डबा धरायला कॉलेजातल्या मुली असतील.

दुपारच्या सत्रात या फलकावर निर्णय घ्यायचा आहे. माझी एकच विनंती आहे की चर्चेला सुरुवात मंडईतल्या मैत्रिणींनी करावी आणि पहिला अर्धा तास आपण बाकीच्यांनी फक्त ऐकावं. कोणाकोणाच्या खिडक्या आपल्या घोषणांमुळे बंद होतात, हे आपल्याला आधी कळू दे.